रडवणाऱ्या कस्तुराबाई

आज सकाळी मला एका जागी बसवेना. जीप साडेनऊला येणार आणि मी साडेसातलाच युनिफॉर्म चढवून दवाखान्याच्या फाटकाशी हजर. मग आत गेले, परत बाहेर आले, परत आत. तिसऱ्या खेपेला केसपेपरच्या खिडकीतून बजरंगनं विचारलं, "सिस्टर, आज बोलायचं तुमाला हाय का कस्तुराबाईला?"

बोलायचं कस्तुराबाईंना होतं. तालुक्याच्या या सरकारी दवाखान्यात बावीस वर्षं फरशी पुसणाऱ्या, बेडपॅन उचलणाऱ्या, बाळंतिणींना न्हाऊ घालणाऱ्या आमच्या मावशी आज परभणीला साठ माणसांना शिकवणार होत्या. साठांत सिस्टर होत्या, ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर होते, चार डॉक्टरसुद्धा होते. पूर येऊन गेला, मोठा अपघात झाला, की दवाखान्यात हादरलेली माणसं येतात. त्यांच्या अंगावरच्या जखमा आम्ही बांधतो, पण मनाला आधार कसा द्यायचा, तो विषय. आणि ज्या शिकवणार त्या बाई पायरीवर बसून निवांत सुपारी कातरत होत्या.

"भीती न्हाई का वाटत तुमाला?" मी विचारलं.

"दोघींच्या वाटची तुमीच भ्यायलाव की," त्या म्हणाल्या.

मी भ्याले नव्हते, मला आनंद झाला होता. आनंद झाला की माझे हातपाय असेच थाऱ्यावर राहत नाहीत. आता संध्याकाळ झाली, घरी आले, तरी तेच. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरले आणि वही घेऊन बसले. डोक्यातून सगळं खाली उतरल्याशिवाय आज झोप लागायची नाही.

मी इथली इन्चार्ज सिस्टर. राजेश्री या नावानं मला फार कोणी ओळखत नाही, "वरडणाऱ्या सिस्टर" म्हटलं की लगेच कळतं. तशी कस्तुराबाईंची ओळख "रडवणाऱ्या मावशी". माझी ओळख कशी पडली ते सांगायची गरज नाही. त्यांची सांगते.

त्यांचं माहेर देवगाव फाट्याजवळचं. नवरा धान्यबाजारात, मोंढ्यात हमाल. सासू मात्र सासरच्या गावात नावाजलेली. कुणाच्या घरी मयत झाली आणि घरची बाई न रडता नुसती बसून राहिली, की सासूला बोलावणं यायचं. आमच्याकडं समजूत अशी, की मयताच्या घरची बाई रडली नाही तर दुःखाचा पोटात गोळा होतो आणि पुढं ती वेडी होते. म्हणून भेटायला येणारी प्रत्येक बाई तिच्या गळ्यात पडते, गेलेल्याचं एकेक आठवून सांगते आणि तिला रडवते. या कामात सासूचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. ती समोरच्या बाईचं तोंड दोन्ही हातांत धरायची आणि म्हणायची, "आता भाकर कुणाला वाढशील गं माय?" तेवढं पुरायचं. बाई हंबरडा फोडायची आणि जमलेल्यांचा जीव भांड्यात पडायचा.

सासूची ही विद्या सुनेनं दवाखान्यात आणली. डॉक्टर बाहेर येऊन वाईट बातमी सांगायचे, नातेवाईक भिंतीला टेकून थिजून उभा राहायचा, आणि कुणीतरी म्हणायचं, मावशीला बोलवा. कस्तुराबाई हातातला पोछा बाजूला ठेवून, हात धुऊन, पदर सारखा करून यायच्या. पाच मिनिटांत माणूस त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडत असायचा. मलाही त्यांचा केवढा अभिमान! नवा डॉक्टर आला की मी त्याला सांगायची, "तुमचं इंजेक्शन एखादे वेळी चुकंल, आमच्या मावशी चुकायच्या न्हाईत."

ऑगस्टमध्ये पत्र आलं. आपत्तीनंतरच्या मानसिक आधाराचं दोन दिवसांचं प्रशिक्षण, वीस नावं कळवा. सफाईच्या बायकांना हे कशाला, म्हणून मी त्यांच्यापैकी एकीचंही नाव घातलं नव्हतं. पण ऐन वेळी दोन सिस्टर रजेवर गेल्या आणि यादी अठरावर अडकली. वीस पुरे करायला म्हणून मी तळाशी कस्तुराबाई आणि बजरंग ही दोन नावं लिहून टाकली. हे मी फार मोठ्या मनानं केलं असं पुष्कळांना वाटतं. आजपर्यंत मी त्यांना तसं वाटू दिलं.

शिकवायला जिल्ह्याहून डॉक्टर माधवी आल्या. मनाच्या आजारांच्या डॉक्टर, लहानखुऱ्या, इतक्या हळू बोलणाऱ्या की पंखा बंद करावा लागला. त्यांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले: पाहा, ऐका, जोडून द्या. कोण जास्त हादरलंय ते आधी पाहा. तो जे आपणहून सांगेल ते ऐका, उकरून काढू नका. मग त्याला त्याच्या माणसांशी, जेवणाशी, निवाऱ्याशी, ज्याची नड असेल त्याच्याशी जोडून द्या. हे सगळं आम्ही वहीत उतरवत होतो. मग त्या म्हणाल्या, "आणि जो बोलत नाही त्याला बोलतं करू नका. जो रडत नाही त्याला रडवू नका."

सगळ्यांच्या माना कस्तुराबाईंकडं वळल्या. त्या उभ्या राहिल्या.

"मॅडम, बावीस वर्षं मी लोकाला रडवायलेय. ते समदं चुकलं म्हणता का?"

"ज्यांना रडू येतच होतं त्यांना तुम्ही मांडी दिलीत, ते चांगलंच केलंत," माधवी मॅडम म्हणाल्या. "पण ज्यांना येत नव्हतं आणि तुम्ही आणलंत, त्यांचं घरी गेल्यावर काय झालं, माहिती आहे का?"

"न्हाई."

"मलाही नाही. म्हणून म्हणते, ओढून आणू नका."

कस्तुराबाई फुगल्या. दुपारच्या जेवणाला हात लावला नाही. माणसाकडं एकच गोष्ट असावी जिच्यासाठी चारचौघं त्याला हाक मारतात, आणि तीच कुणी परभणीहून येऊन चुकीची ठरवावी, हे सोपं नाही. मला त्यांची कीव आली आणि खरं सांगायचं तर थोडी गंमतही वाटली.

माझी गंमत दुपारी जिरली. मॅडमनी सराव ठेवला. कस्तुराबाईंनी पुरातून आलेली बाई व्हायचं आणि गप्प बसायचं. मी तिला सहा मिनिटं आधार द्यायचा. मी पदर खोचूनच पुढं गेले. "काळजी करू नका, सगळं नीट होईल, देव आहे, सरकार आहे, आमच्या मावसभावाचंही घर पडलं होतं, आता बघा दोन मजली बांधलंय." सहा मिनिटं मी श्वास घ्यायला थांबले नाही. टाळ्या पडल्या. मॅडमनी कस्तुराबाईंना विचारलं, कसं वाटलं?

"सिस्टर लय बोलायलत्या," त्या म्हणाल्या. "मी मनात म्हणलं, ही बाई जाती कवा."

सभागृह हसून लोटपोट. बजरंग तर खुर्चीवरून पडायचा राहिला. माझे कान तापले. पण कस्तुराबाई हसत नव्हत्या. जरा वेळानं त्या कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या, "मी ज्येंला रडवलं, त्येंलाबी आसंच वाटलं आसंल का?" दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसल्या.

महिन्याभरात पूर आला. वरचं धरण भरलं, दरवाजे उघडले आणि दुधना नदी गावागावांत शिरली. दवाखान्याच्या व्हरांड्यात गाद्या टाकल्या, खिडकीच्या गजांना सलाईनच्या बाटल्या टांगल्या. आम्ही वीस जण छातीवर प्रशिक्षणाचे बिल्ले लावून पळत होतो. सांगायला लाज वाटते, पण अंगात वारं संचारलं होतं. शिकलेलं खरंच कामाला येत होतं! एरवी "फुडं सरका" म्हणून खेकसणारा बजरंग खिडकी सोडून बाहेर उभा राहिला आणि प्रत्येकाला आधी बसवून विचारू लागला, "संगं कोण कोण हाय? कुणी मागं राहिलंय का?" मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, आता कितीही माणसं येऊ द्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून चन्नबसम्माबाईंना आणलं. पंचावन्नच्या आसपास वय, अंगावर एक ओरखडा नाही. दीड दिवस अन्नाला शिवल्या नव्हत्या, तोंडातून शब्द काढला नव्हता. त्यांचे पती शिवरुद्रअप्पा आदल्या दिवशी पहाटे शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यात बांधलेली जनावरं सोडायला गेले, ते परतलेच नाहीत. भावकीनं दिवसभर काठ धुंडाळला आणि ठरवलं, गेले. हे सगळं दीर महारुद्र सांगत होते. त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले आणि आवाज बसलेला.

"वैनी रडंनात झाल्यात. समद्या बाया गळ्यात पडून थकल्या," ते म्हणाले. "तुमच्यात एक रडवणारी बाई हाय म्हणं. तिला बोलवा. दिवस मावळेपस्तोर रडल्या न्हाईत तर आमी त्येंला बाहेरचं बघणाऱ्याकडं नेतो."

बाहेरचं बघणारा म्हणजे अंगात काही शिरलंय का ते पाहून उतरवणारा. तिथं उपाशी बाईचे काय हाल होतात ते तिथून वॉर्डात आणलेल्या बायकांवरून मी पाहिलेलं आहे. व्हरांड्यात चाळीस पेशंट, दोन सिस्टर ताप येऊन पडलेल्या, फोन वाजतोय. डॉक्टर माधवी, फळा, तीन शब्द, सगळं माझ्या डोक्यातून साफ धुऊन गेलं. मी कस्तुराबाईंना गाठलं आणि म्हटलं, "जा, रडवा तिला एकदाची."

त्यांनी हातातला पोछा खाली ठेवला. "मॅडमनी काय शिकवलंतं, सिस्टर?"

"मॅडम परभणीत आहेत. इथं मी आहे. जा."

त्या गेल्या. दहा मिनिटं झाली, हंबरडा ऐकू येईना. पंधरा झाली. मी ड्रेसिंगच्या खोलीत डोकावले. चन्नबसम्माबाई बाकावर बसलेल्या, नजर समोरच्या भिंतीवर. शेजारी फरशीवर कस्तुराबाई गॉजचा तागा घेऊन बसलेल्या. जखमेवर ठेवायच्या गॉजचे चौकोनी तुकडे कापायचे, घड्या घालायच्या आणि वाफवायला पत्र्याच्या ड्रममध्ये रचायच्या, हे मावशींचं रोजचं काम. त्या तेच करत होत्या. आत आल्यावर त्या एवढंच बोलल्या होत्या: "मी हितंच बसायलेय माय. काय लागलं तर सांगा." बाकी काही नाही.

"ही बाई काय करायली?" महारुद्र दारातून म्हणाले. मलाही तेच विचारायचं होतं. मी खूण केली, उठा, धरा तोंड. कस्तुराबाईंनी मान हलवून नाही म्हटलं. बावीस वर्षांत मला त्यांनी पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली, पण तेवढ्यात बाहेरून हाक आली आणि मी पळाले.

तासाभरानं परत आले. कस्तुराबाई गप्पच होत्या, आणि त्यांना गप्प राहणं किती जड जातं ते मला ठाऊक होतं. पदराचं टोक चावून चावून ओलं केलं होतं. पण आता चन्नबसम्माबाई बाकावरून खाली उतरल्या होत्या आणि त्यांच्या हातात गॉजचा तुकडा होता. घडी चुकीची होती. कस्तुराबाईंनी ती दुरुस्त केली नाही, तशीच ड्रममध्ये ठेवली. बाईंनी दुसरा तुकडा घेतला. तिसरा घेतला. शेजारी ठेवलेला चहा केव्हाच गार झाला होता, तो त्यांनी एका दमात पिऊन टाकला. मी दाराला टेकून उभीच राहिले, आत जायची हिंमत होईना.

चारच्या सुमारास चन्नबसम्माबाई बोलल्या. हातातल्या घडीकडं बघत, अगदी साध्या आवाजात.

"दोन बोटं नसल्यावर पव्हता येतंय का ओ माणसाला?"

"कुणाला?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"आमच्या मालकाला. उजव्या हाताची दोन बोटं न्हाईत त्येंला. कडबा कापायच्या मशीनीत गेली. समदे म्हणायलेत, गेले. मी रडले की मीबी म्हणल्यासारखं व्हतंय. म्हणून मी रडायची न्हाई."

मला स्वतःचा असा राग आला की काय सांगू. या बाईला मी रडवायला निघाले होते.

कस्तुराबाई "सापडतील" म्हणाल्या नाहीत, "धीर धरा" म्हणाल्या नाहीत. "मला म्हाईत न्हाई," त्या म्हणाल्या, "पर इचारून बघू. उठा." आणि बाईंचा हात धरून त्यांना थेट केसपेपरच्या खिडकीशी नेलं.

शिवरुद्रअप्पा बेपत्ता असल्याची नोंदच कुठं नव्हती. भावकीतल्या प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं केली असेल. आणि एकदा गेले असं ठरल्यावर नोंद करायची तरी कशाला? बजरंगनं केसपेपरच्या पाठीवर लिहून घेतलं: वय साठ, पांढरं धोतर, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. आणि फोन लावायला सुरुवात केली. पोलीस, तहसील, शाळांतल्या छावण्या, एकेक दवाखाना. लाईन लागायची, तुटायची. खिडकीशी गर्दी जमली, सलाईनची बाटली हातात धरून एक पेशंटही येऊन उभा राहिला. नवव्या फोनला पूर्णा गावचा दवाखाना लागला. तिथं कालपासून एक अनोळखी माणूस होता. पुलाजवळच्या बाभळीला धरून बसलेला रेल्वेच्या माणसांना दिसला, त्यांनी दोर टाकून काढला. तापानं फणफणलेला, नावगाव सांगण्याच्या शुद्धीत नव्हता. गळ्यातली डबी असली तर पाण्यात गेलेली.

"बोटं बघा ओ," बजरंग ओरडला. "उजव्या हाताची बोटं. जाऊन बघा, मी धरतो फोन."

पलीकडचा माणूस बघायला गेला. महारुद्रांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली होती. चन्नबसम्माबाईंनी कस्तुराबाईंचं मनगट इतकं आवळलं होतं की बांगडी रुतून कातडं सोललं. मग बजरंगनं ऐकलं, आणि या गडगड बोलणाऱ्या माणसाला बोलता येईना. त्यानं नुसता उजवा हात वर केला आणि दोन बोटं दुमडून दाखवली.

व्हरांड्यात जो गलका झाला तो मी मोडायला पाहिजे होता. पण मीच सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते.

चार दिवसांनी ताप उतरल्यावर शिवरुद्रअप्पा ॲम्ब्युलन्समधून आले. चन्नबसम्माबाई फाटकाशी सकाळपासून उभ्या होत्या. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "जनावरं?"

"सोडली," ते म्हणाले. "समदी सोडली."

मग बाईंनी त्यांच्या पाठीत दोन धपाटे घातले आणि तिथंच खाली बसून रडल्या. अशा रडल्या की वॉर्डातली माणसं खिडक्यांशी आली. कस्तुराबाई जवळ गेल्या नाहीत. लांब पाण्याच्या फिल्टरपाशी उभ्या राहून बघत होत्या. मी त्यांच्याजवळ गेले.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी तोंड धरून 'भाकर कुणाला वाढशील' म्हणलं आसतं, तर रडली आसती ती. पाच मिन्टात. मंग फोन कुणी केला आसता?"

मी फिल्टरचा ठिबकणारा नळ घट्ट केला. त्यांची माफी मागितली नाही. मी इन्चार्ज आहे ना. आणि त्यांनीही तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

ही हकीकत डॉक्टर माधवींच्या कानावर गेली आणि म्हणून आजचा दिवस. परभणीच्या सभागृहात कस्तुराबाई माईक न घेता बोलल्या. सासूपासून सुरुवात केली, गॉजच्या घड्यांपर्यंत आल्या. साठ माणसं कान देऊन ऐकत होती आणि मी पहिल्या रांगेत बसून गुडघा हलवत होते. त्यांच्या एकेका वाक्याला माझी मान आपोआप डुलत होती. बाईंना रडवा असं कोण म्हणालं, तिथं आल्यावर त्या म्हणाल्या, "पावणे मंडळी म्हणलेती."

मागच्या रांगेतून एका सिस्टरनं विचारलं, "पण मावशी, तुमच्या इन्चार्ज सिस्टर काय म्हणाल्या?"

"त्या कामात हुत्या," कस्तुराबाई म्हणाल्या आणि पुढं बोलू लागल्या.

माझा गुडघा थांबला. मला बसवेना. मी उठले आणि म्हणाले, "कामात नव्हते. रडवा तिला एकदाची, असं मीच म्हणाले होते. प्रशिक्षण घेतलेलं होतं, बिल्ला लावलेला होता, तरी म्हणाले. आणि यादीत यांचं नावसुद्धा मी आकडा पुरा करायला घातलं होतं."

बोलून झालं आणि छाती हलकी झाली. कस्तुराबाईंनी माझ्याकडं पाहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "या मंग फुडं. आता सराव घ्यायचाय. मी बसते गप, तुमी बसा समोर."

मी जाऊन त्यांच्यासमोर खुर्चीवर बसले. माधवी मॅडमनी घड्याळ लावलं. जिभेवर दहा वाक्यं आली, मी ती गिळली. कस्तुराबाई खाली बघत होत्या. त्यांच्या हातांना फिनाईलचा वास येत होता, मनगटावर बांगडी रुतल्याची खूण अजून होती. इतकी वर्षं एका छताखाली काम करून मी त्यांचे हात नीट बघितलेच नव्हते. सहा मिनिटं मी एक शब्द बोलले नाही. माझ्या आयुष्यातला तो विक्रम असावा.

घड्याळ वाजलं. मॅडमनी कस्तुराबाईंना विचारलं, कसं वाटलं?

त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"आज वाटलं," त्या म्हणाल्या, "सिस्टरनं आजून थोडा वेळ बसावं."